इजा वेगाने होत नाही, थांबण्याने होते
नववीच्या पुस्तकातील दोन धडे आणि आपल्या घरातील माणसे

वाचकहो, आपल्या घरात नववीत शिकणारे मूल असेल, तर त्याचे विज्ञानाचे पुस्तक एकदा हातात घ्या. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकात पहिलाच धडा आहे ‘गतीचे नियम’ आणि दुसरा ‘कार्य आणि ऊर्जा’. मुले हे धडे पाठ करतात, उदाहरणे सोडवतात, गुण मिळवतात आणि परीक्षा संपली की ते विसरून जातात. वडीलधारी मंडळी तर ते केव्हाच विसरलेली असतात. दवाखान्यात बसणाऱ्या डॉक्टरला मात्र हे दोन धडे रोज आठवतात. टाके घालताना, प्लॅस्टरसाठी पाठवताना, डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या नातेवाइकांशी बोलताना त्यांची उजळणी होतच असते.

काही वाक्ये माझ्या कानांना सवयीची झाली आहेत. ‘गाडी अगदी हळू होती, डॉक्टर.’ ‘इथे कोपऱ्यावर तर जायचे होते, म्हणून हेल्मेट घेतले नाही.’ ‘आई उभ्या उभ्या नुसती बसल्यासारखी पडली, आणि खुब्याचे हाड मोडले?’ ‘बाळ माझ्या मांडीवर होते, मी घट्ट धरले होते.’ या प्रत्येक वाक्यामागे एक प्रामाणिक समजूत असते, आणि गतीचे नियम त्या प्रत्येक समजुतीच्या विरुद्ध असतात. आज हे नियम आपण परीक्षेसाठी नव्हे, घरातल्या माणसांसाठी समजून घेऊ.

शरीराला थांबायचे नसते

न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गतीचे तीन नियम मांडले. त्यांतील पहिला जडत्वाचा. बाहेरून बल लागत नाही तोवर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालती वस्तू त्याच वेगाने, त्याच दिशेने चालत राहते. एस.टी.ने अचानक ब्रेक लावला की उभे प्रवासी पुढे झुकतात. आपण म्हणतो, ‘धक्का बसला’. वास्तविक त्यांना कोणी पुढे ढकललेले नसते. गाडी थांबली आणि ते थांबले नाहीत, एवढेच घडलेले असते.

म्हणून एका अपघातात टकरा तीन होतात. पहिली गाडीची भिंतीशी किंवा दुसऱ्या वाहनाशी. दुसरी शरीराची, गाडी थांबली तरी माणूस पुढे जात राहतो आणि हँडल, काच, समोरचे आसन किंवा रस्ता यांवर आदळतो. तिसरी टक्कर डोळ्यांना दिसत नाही. शरीर थांबले तरी आतले अवयव पुढे जात राहतात. मेंदू कवटीच्या आतल्या बाजूवर आपटतो, यकृत व प्लीहा बरगड्यांवर आदळतात, हृदयातून निघणारी महारोहिणी ताणली जाते. बाहेर खरचटलेलेही नसते आणि आत रक्तस्राव चालू असतो, याचे कारण ही तिसरी टक्कर. ‘वरून तर काही दिसत नाही’ या वाक्यावर डॉक्टर निश्चिंत का होत नाहीत, हे यावरून लक्षात येईल.

दुप्पट वेग, चौपट मार

आता दुसरा धडा. चालत्या वस्तूजवळ जी ऊर्जा असते तिला गतिज ऊर्जा म्हणतात. वस्तुमान दुप्पट केले तर ही ऊर्जा दुप्पट होते. वेग दुप्पट केला तर मात्र ती चौपट होते, तिप्पट केला तर नऊपट.

अठराव्या शतकात विद्वानांमध्ये यावरून मोठा वाद होता. हॉलंडमधील लायडन येथील प्राध्यापक विलेम स्ख्रावेसांडे यांनी पितळेचे गोळे निरनिराळ्या उंचींवरून मऊ मातीवर टाकून पाहिले. दुप्पट वेगाने पडलेल्या गोळ्याने मातीत केलेला खळगा चौपट मोठा भरला. फ्रान्समधील विदुषी एमिली द्यु शातले यांनी १७४० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात वेगाच्या वर्गाची ही बाजू समर्थपणे मांडली. न्यूटनच्या ग्रंथाचे फ्रेंच भाषांतर करणाऱ्या याच विदुषी. त्या मातीच्या गोळ्याच्या जागी आपले शरीर ठेवून पाहिले, की वादातील मुद्दा किती जिव्हाळ्याचा आहे ते कळते.

स्पीडोमीटरवरचा आकडा आपल्याला भीतिदायक वाटत नाही, कारण वेगाची भीती आपल्याला उपजत नसते. उंचीची असते. म्हणून वेगाचे रूपांतर उंचीत करून पाहू. ताशी १८ किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे सव्वा मीटरवरून पडणे. ताशी ३६ म्हणजे सुमारे ५ मीटरवरून. ताशी ५४ म्हणजे साडेअकरा मीटरवरून आणि ताशी ७२ म्हणजे २० मीटरहून थोड्या अधिक उंचीवरून. एक मजला ३ मीटरचा धरला तर शेवटची उंची जवळजवळ सात मजल्यांची होते. सातव्या मजल्याच्या कठड्यावर आपल्या मुलाला कोणी बसवले तर आपला जीव टांगणीला लागेल. तोच मुलगा महामार्गावर ताशी ७० च्या वेगाने मोटारसायकलवरून हेल्मेटवाचून जातो, तेव्हा आपण फक्त ‘सावकाश जा रे’ एवढेच म्हणतो.

सगळे रहस्य थांबण्याच्या अंतरात

इतकी ऊर्जा असूनही माणसे वाचतात कशी? क्रिकेटचा झेल घेणारा खेळाडू हात मागे का नेतो, हा प्रश्न आपणही शाळेत सोडवला असेल. चेंडूचा वेग तोच, त्याला थांबवायचेही तेवढेच. परंतु हात मागे नेल्याने चेंडू अधिक अंतरात आणि अधिक वेळात थांबतो, म्हणून तळहातावरचे बल कमी होते. या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: शरीराला थांबायला जितके जास्त अंतर मिळेल, तितकी इजा कमी.

पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे शिक्षण घेताना विमान अपघातातून बचावलेले ह्यू डीहेवन यांनी पुढे हाच प्रश्न आयुष्यभर हाताळला. पंधरा ते पंचेचाळीस मीटर उंचीवरून पडूनही जिवंत राहिलेल्या माणसांचा अभ्यास त्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केला. त्यात चमत्कार काही नव्हता. भुसभुशीत माती, वाकणारे पत्रे अशा कशाने तरी त्यांना थांबायला काही सेंटिमीटर अधिक दिले होते, आणि बल शरीराच्या मोठ्या भागावर विभागले गेले होते.

दुसरे उदाहरण एका डॉक्टरचेच आहे. अमेरिकी हवाई दलातील डॉ. जॉन स्टॅप यांनी १० डिसेंबर १९५४ रोजी अग्निबाणाच्या जोरावर रुळांवरून धावणाऱ्या घसरगाडीत स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेतले. गाडीने ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि ती दीड सेकंदाच्या आत थांबली. काही क्षण त्यांच्या शरीरावर स्वतःच्या वजनाच्या चाळीस पटींहून अधिक बल आले. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण ते वाचले आणि १९९९ पर्यंत जगले. एवढा प्रचंड वेग माणूस सहन करू शकला, कारण थांबायला शेकडो फूट रूळ मिळाला आणि मजबूत पट्ट्यांनी शरीर गाडीबरोबरच थांबले. स्टॅप पुढे मोटारींत पट्टे असावेत यासाठी झटत राहिले.

हेल्मेटचे साधे गणित

‘कोपऱ्यापर्यंतच तर जायचे’ या वाक्याकडे आता वळू. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके जमिनीपासून सुमारे दीड मीटर उंच असते. स्कूटर जागेवर उभी असताना तोल जाऊन तो आडवा झाला, तरी ते डोके रस्त्यावर जवळजवळ ताशी २० किलोमीटर वेगाने आदळू शकते. हा वेग स्कूटरचा नाही, गुरुत्वाकर्षणाचा आहे. खड्डा, सांडलेले तेल, वाळू किंवा मध्ये आलेले कुत्रे यांपैकी काहीही पुरेसे होते. अंतर कोपऱ्यापर्यंतचे असले तरी उंची दीड मीटरचीच राहते.

पुढचे गणित तोंडी करता येईल. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, म्हणजे वजनाच्या किती पट सरासरी बल आले त्याचा ढोबळ अंदाज. उघडे डोके डांबरावर आदळले तर त्वचा आणि हाड मिळून फार तर अर्धा सेंटिमीटर दबणार. १५० सेंटिमीटर भागिले अर्धा, म्हणजे ३०० पट. डोक्याचे वजन ५ किलो धरले तर बल दीड हजार किलोच्या वजनाएवढे! हेल्मेटच्या आत थर्माकोलसारखा जो जाड थर असतो तो चिरडताना दोन सेंटिमीटर दबला, तर १५० भागिले २, म्हणजे ७५ पट. बल एका फटक्यात चौथाई झाले. हेल्मेट आपल्याला विकते ते हे दीड-दोन सेंटिमीटर. बाहेरचे कठीण कवच बल पसरवते, आतला थर थांबायला अंतर देतो.

यावरून खरेदीचे नियम आपोआप निघतात. आत जाड थर नसलेली, नुसत्या प्लॅस्टिकची टोपी पोलिसांना दाखवायला उपयोगी, डोक्याला नाही. आय.एस. ४१५१ या मानकाचे आय.एस.आय. चिन्ह पाहून घ्या. डोक्यावर घट्ट बसणारे घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेले हेल्मेट जडत्वाच्या नियमाने डोक्याआधीच निघून जाते. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट वरून चांगले दिसले तरी बदला, कारण चिरडलेला थर दुसऱ्यांदा चिरडत नाही.

हेल्मेटचा इतिहासही डॉक्टरांशीच जोडलेला आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटारसायकलवरून फेकले गेले आणि सहा दिवसांनी डोक्याच्या इजेने वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यविशारद होते. युद्धाच्या काळात लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा अभ्यास करून त्यांनी १९४१ साली हेल्मेटचे महत्त्व सप्रमाण मांडले. त्यानंतर ब्रिटिश लष्करातील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे झाले. ऑक्सफर्डमधीलच भौतिकशास्त्रज्ञ हॉलबॉर्न यांनी १९४३ साली कवटीच्या आकारात भरलेल्या जिलेटिनवर प्रयोग करून दाखवले, की डोके सरळ थांबण्यापेक्षा झटक्याने फिरले तर मेंदूची अधिक ओढाताण होते. मेंदू मऊ असतो. कवटी फिरते, तो मागे राहतो आणि त्याचे तंतू व बारीक रक्तवाहिन्या ताणल्या जातात. कवटीचे हाड न मोडताही माणूस बेशुद्ध का पडतो, याचे एक उत्तर इथे आहे.

मागे बसणाऱ्याचे डोकेही तेवढ्याच उंचीवर आणि तेवढ्याच वेगात असते. पुढे हेल्मेट घातलेला मुलगा आणि मागे एका बाजूला पाय सोडून बसलेली उघड्या डोक्याची आई, हे दृश्य आपल्याकडे सर्रास दिसते. तिला तर धरायला हँडलही नसते. कायद्याने चार वर्षांवरील प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट आवश्यक आहे.

मांडीवरचे मूल

आईची माया मोठी असते, हातांचे बळ मात्र मर्यादित असते. मोटार ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाताना समोर आदळली आणि पुढचा भाग चेपत अर्ध्या मीटरमध्ये थांबली, असे समजा. त्या क्षणी प्रत्येक वस्तू थांबवायला तिच्या वजनाच्या दहापट बल लागते. १० किलोचे मूल मांडीवर धरून ठेवायचे तर १०० किलोचे पोते उचलण्याएवढे बल लागेल, तेही डोळ्याचे पाते लवण्याच्या वेळात. कोणत्याही आईच्या किंवा बापाच्या हातांना ते शक्य नाही. आणि आईने पट्टा लावलेला नसेल, तर तिचे स्वतःचे शरीर मुलाला समोर दाबते.

म्हणून लहान मुलांसाठी मोटारीत, मागच्या बाजूस, त्यांच्या वजनाला साजेसे वेगळे बालआसन असावे. मोठ्यांनी मागे बसल्यावरही पट्टा लावावा. पट्टा लावलेल्या माणसाला गाडीच्या चेपण्याचे सारे अंतर मिळते. न लावलेला पुढे जात राहतो आणि काही सेंटिमीटरमध्ये थांबतो. १९५९ साली व्होल्वोचे अभियंते निल्स बोलिन यांनी तयार केलेला तीन टोकांचा पट्टा छाती व कमरेच्या हाडांवर बल पसरवतो. तो पोटावरून न नेता कमरेच्या हाडांवरून न्यावा. गर्भवती स्त्रियांनी खालचा पट्टा पोटाच्या खालून घ्यावा.

स्कूटरवर पुढे उभे केलेले मूल ही आपल्याकडची लाडकी सवय. ब्रेक लागला की मूल हँडलवर जाते आणि मागून बापाचे साठ-सत्तर किलो त्याच्यावर येतात. २०२२ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला हेल्मेट आणि चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा हवा, तसेच वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नको. हा नियम म्हणजे वर सांगितलेल्या गणिताचेच सरकारी रूप.

थांबायला रस्ता किती लागतो?

समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. ताशी ३६ किलोमीटर वेगाने गाडी तेवढ्यात १० मीटर जाते. नंतर कोरड्या रस्त्यावर मध्यम जोराचा ब्रेक लावून थांबायला आणखी सुमारे १० मीटर. एकूण २०. ताशी ७२ ला पहिल्या सेकंदात २० मीटर आणि ब्रेक लावल्यावर, वेगाच्या वर्गामुळे, ४० मीटर. एकूण ६०. वेग दुप्पट, थांबण्याचे अंतर तिप्पट. पहिल्या पावसात रस्त्यावर तेलाचा आणि धुळीचा थर ओला होतो, घर्षण निम्म्यावर आले तर ब्रेकचे ४० मीटर ८० होतात. आणि फोनकडे दोन सेकंद पाहिले, तर त्याच वेगाने ४० मीटर डोळे मिटून पार केले, असे समजावे.

घरातील पडणे

आता आजीकडे येऊ. उभ्या माणसाची कंबर जमिनीपासून सुमारे ९० सेंटिमीटरवर असते. तिथून पडताना ती जमिनीवर ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने आदळते. तरुण माणूस पडता पडता हात टेकतो, गुडघे वाकवतो, म्हणजे थांबायचे अंतर वाढवतो. वृद्धापकाळी प्रतिक्रिया मंदावते, स्नायू क्षीण होतात, खुब्यावरचे मांस कमी होते आणि हाड ठिसूळ झालेले असते. फरशी तर एक मिलिमीटरही दबत नाही. ‘नुसती बसल्यासारखी पडली’ तरी हाड का मोडते, ते यावरून ध्यानात येईल.

इथे आपला मित्र आहे घर्षण. चालताना आपण पायाने जमीन मागे रेटतो आणि जमीन आपल्याला पुढे रेटते, हा न्यूटनचा तिसरा नियम. ओल्या, साबण सांडलेल्या गुळगुळीत फरशीवर हे रेटणे जमत नाही. न्हाणीघरात खरखरीत फरशी किंवा घट्ट बसणारी रबरी चटई, भिंतीला पक्के बसवलेले धरायचे दांडे, बसून अंघोळीसाठी स्टूल, पलंगापासून संडासापर्यंत रात्री मंद दिवा, पायात मागून पट्टा असलेली चप्पल, आणि दारातले सरकणारे पायपुसणे कायमचे हद्दपार. एवढे केले तरी पुष्कळ साधते. डोळ्यांचा नंबर, रक्तदाबाच्या व झोपेच्या गोळ्या आणि ‘ड’ जीवनसत्त्व यांविषयी आपल्या डॉक्टरांशी बोलावे.

मार लागल्यानंतर

भौतिकशास्त्राचे काम टकरीच्या क्षणी संपते, शरीराचे तिथून सुरू होते. डोक्याला मार लागल्यावर माणूस उठून बोलला, चहा प्याला, तरी पहिले चोवीस तास त्याच्याजवळ कोणीतरी असावे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणे, झटका, एका हातापायातली शक्ती जाणे, दोन बाहुल्यांचा आकार वेगळा होणे, नाकातून किंवा कानातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव येणे. यांपैकी एकही दिसले तर वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर लक्षणांची वाटच पाहू नये.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. वयाबरोबर मेंदू किंचित आक्रसतो आणि त्याच्या शिरा ताणलेल्या राहतात. किरकोळ मार लागूनही त्यांतून हळूहळू रक्त झिरपते आणि दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा, आजोबा विसरू लागतात, पाय अडखळतो, झोप वाढते. घरचे म्हणतात, ‘वय झाले’. अशा वेळी मागच्या महिन्यात ते पडले होते का, हे आठवून डॉक्टरांना अवश्य सांगा. हा आजार वेळीच ओळखला तर बहुतेकदा चांगला बरा होतो.

रस्त्यावर जखमी पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नका. मान व पाठ सरळ राहू द्या, वाहणारे रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा.

वाचकहो, या रविवारी आपल्या नववीतल्या मुलाला किंवा मुलीला दोन उदाहरणे घाला. आपल्या गाडीचा नेहमीचा वेग किती मजल्यांवरून पडण्याएवढा आहे? आणि आजीच्या पलंगापासून न्हाणीघरापर्यंत पाय घसरेल अशा जागा किती? उत्तरे त्यांनी काढावीत, दुरुस्ती आपण करावी. परीक्षेत या धड्यांना जे गुण असतील ते असोत. घरात त्यांचे मोल हाडांत आणि माणसांत मोजले जाते.